जुन्या ट्रम्पेटसाठी यामाहाचे ‘व्हिंटेज’ व्हॉल्व्ह ऑइल

यामाहाचे सिंथेटिक व्हॉल्व्ह ऑइल, म्हणजे ट्रम्पेटच्या बोटांनी दाबायच्या कळांना (व्हॉल्व्हना) आणि त्यांच्यातल्या पिस्टनना घालायचे तेल, लाइट, रेग्युलर आणि व्हिंटेज अशा तीन प्रकारांत, ६० मिलिलिटरच्या बाटलीत मिळते. ट्रम्पेटचा पिस्टन आणि तो ज्यात खाली-वर होतो ते नळकांडे यांच्यातली फट नव्या वाद्यात मिलिमीटरच्या काही शतांशांइतकीच असते. तिथे पातळ लाइट तेल योग्य ठरते. मात्र बँडची वाद्ये बनवणाऱ्या मेरठच्या जली कोठी या भागातून आलेले, अनेक लग्नसराया वाजवून झालेले आणि दोन-तीन वादकांच्या हातांतून गेलेले वाद्य असेल, तर ही फट रुंदावलेली असते आणि पातळ तेल तिच्यात टिकत नाही. व्हिंटेज हा दाट प्रकार अशाच वाद्यांसाठी आहे.

माझ्या जुन्या ट्रम्पेटवर त्याचा परिणाम समाधानकारक आहे. पहिल्या व्हॉल्व्हची स्लाइड (आत-बाहेर सरकणारी नळी) व्हॉल्व्ह न दाबता बाहेर ओढावी आणि मग व्हॉल्व्ह दाबावा. हवा कोंडलेली असेल तर ‘पॉप’ असा आवाज येतो. हे तेल घातल्यावर तो आवाज स्पष्ट येतो आणि खालच्या पट्टीतले स्वर कमी दमात भरीव लागतात. नव्या, घट्ट वाद्यात मात्र हेच तेल जड पडेल आणि जलद सुरावटींत पिस्टन मागे रेंगाळेल, त्यामुळे केवळ ‘जास्त दाट म्हणजे जास्त चांगले’ असे समजून ते घेऊ नये.

बँडपथकांत शिलाई मशीनचे तेल किंवा चक्क खोबरेल वापरणारे वादक आजही भेटतात. खोबरेल थंडीत थिजते, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. शिवाय ते कालांतराने चिकट होते. अशा तेलावरच हे सिंथेटिक तेल ओतले, तर त्याचा गुण दिसणार नाही. आधी पिस्टन काढून, त्यांचे फेल्ट (मऊ लोकरी चकत्या) बाजूला ठेवून, वाद्य कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवावे आणि आतल्या नळ्यांतून लवचिक ब्रश फिरवावा. पाणी कढत नसावे, कारण त्याने लॅकर, म्हणजे पितळेवरचा पारदर्शक लेप, सुटते. पिस्टनवर १, २, ३ असे आकडे कोरलेले असतात. ते ज्याच्या त्याच्या जागी आणि खाचेत नीट बसवले नाहीत, तर वाद्यातून हवाच पुढे जात नाही.

धुण्याचे खरे कारण चकाकी हे नसून माउथपीसलगतची नळी हे आहे. तिथे लाळ साचून पितळेतले जस्त झिरपत जाते आणि धातूवर गुलाबी डाग उमटतात. पुढे त्याच जागी नळी कुजते. त्यावर कोणतेही तेल हा इलाज नाही. तसेच लॅकर असलेल्या वाद्याला समईसारखी चिंच किंवा पितांबरी लावणे टाळावे, मऊ कापड पुरेसे आहे.

शिलाई मशीनच्या तेलापेक्षा ही बाटली महाग आहे, हे मान्य करावे लागेल. पण एका व्हॉल्व्हला काही थेंबच लागत असल्याने ती बराच काळ पुरते. स्लाइडसाठी मात्र वेगळे ग्रीस घ्यावे, कारण तिथे हे तेल टिकत नाही. आणि पिस्टन इतके झिजले असतील की व्हिंटेज घालूनही वरील ‘पॉप’ ऐकू येत नाही, तर दुसरी बाटली न घेता पिस्टनवर निकेलचा मुलामा चढवून ते पुन्हा बसवून देणारा कारागीर गाठावा.