फरार लिनो व्हेंतुरा: आधी कोणता पाहावा?

लपून राहिलेल्या गुंडावरचा जुना फ्रेंच चित्रपट पाहायचा आहे आणि हाताशी एकच रात्र आहे, तर माझ्या मते निवड दोनच नावांत आहे. क्लोद सोतेचा 'क्लास तू रिस्क' (१९६०) आणि जाँ-पिएर मेलव्हिलचा 'ल दझिएम सुफ्ल' (१९६६). दोन्ही कृष्णधवल, दोन्ही जोझे जोव्हानीच्या कादंबऱ्यांवरचे, आणि दोन्हींत फरार माणसाच्या भूमिकेत नट एकच: लिनो व्हेंतुरा.

मी आधी सोतेचा पाहायला सांगेन. यातला आबेल मृत्युदंडाची शिक्षा डोक्यावर घेऊन इटलीत दडलेला आहे. पैसे संपत आल्यावर बायको आणि दोन लहान मुलांना घेऊन फ्रान्सला परत निघतो. इथे लपणं म्हणजे संसार ओढणं. बापासोबत दिसायचं नाही म्हणून पोरं रस्त्यात मागून, अंतर राखून चालतात. ते दृश्य पाहताना गोळीबारापेक्षा जास्त धडधडतं. पॅरिसचे जुने मित्र, ज्यांच्यासाठी आबेलने एकेकाळी खूप केलं, ते स्वतः येत नाहीत. एक रुग्णवाहिका आणि एक अनोळखी तरुण पाठवतात. तो तरुण म्हणजे नट जाँ-पॉल बेलमोंदो, आणि या परक्या पोराचा जिव्हाळा हाच चित्रपटाचा कणा.

एक गोष्ट मात्र मला खुपते. आबेल ज्याच्यावरून घेतला तो खराखुरा गुंड आबेल दानोस नाझींनी व्यापलेल्या पॅरिसमध्ये गेस्टापोसाठी, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांसाठी, काम करणाऱ्या टोळीत होता. १९५२मध्ये त्याला गोळ्या घालण्यात आल्या. पडद्यावर याचा उल्लेखही नाही. हे माहीत असताना आबेलसाठी डोळे भरून येतात तेव्हा अवघडायला होतं.

मेलव्हिलचा नायक ग्यू तुरुंग फोडून पळतो, तोही एका शब्दाविना. त्याला मुलंबाळं नाहीत, जपायचं आहे ते फक्त नाव. प्लॅटिनमच्या लुटीनंतर त्याच्यावर खबऱ्याचा शिक्का बसतो आणि तो पुसणं हे जिवापेक्षा मोठं होतं. बारमधल्या गोळीबारानंतर इन्स्पेक्टर ब्लो येतो आणि प्रत्येक साक्षीदार काय खोटं बोलणार ते स्वतःच बोलून दाखवतो. ब्लो झालेल्या पॉल मरिसचा हा एक प्रसंग पुन्हा पुन्हा पाहावा असा आहे.

पण चित्रपट अडीच तासांचा, संथ. दिवसभराच्या कामानंतर तो लावू नका. रविवारची दुपार राखून ठेवा. आणि शोधताना साल तपासा: याच कथेवर २००७मध्ये दानिएल ओतई असलेला रंगीत चित्रपटही निघाला आहे. मी म्हणतोय तो १९६६चा.