धोबीतलावची कूड: खाट नाही, पण ट्रंकेला पत्ता

मरीन लाइन्सला पूर्वेकडे उतरून थोडं चाललं की धोबीतलावच्या चौकात जेर महाल लागतो. मेट्रो सिनेमासमोरची जुनी, लांबरुंद इमारत. खाली फुर्टाडोजचं वाद्यांचं दुकान, त्याच इस्टेटीत 1904 पासूनचं कयानी हे इराणी हॉटेल. बन-मस्का खाऊन निघणाऱ्या बहुतेकांना वरच्या मजल्यांवर काय चालतं याची कल्पना नसते. जिने चढून गेलं की दारांवर संतांची नावं आणि त्यांच्यासोबत गोव्यातल्या गावांची नावं दिसतात. या कुडी. कागदोपत्री 'क्लब', तोंडी कूड. मराठीत कूड म्हणजे सारवलेली भिंत आणि कुडी म्हणजे देह. कोकणीत कूड म्हणजे खोली. एका गावचे कॅथलिक पुरुष मिळून मुंबईत भाड्याने घेतात ती खोली.

मुंबईत दोन रात्री काढायच्या म्हणून कुणी कुडीकडे पाहत असेल तर आधीच सांगून टाकलेलं बरं: लॉज म्हणून हिला पाचपैकी दोन. खाट नाही, आडोसा नाही, संडास सामाईक. पण बोटीवर चढण्याआधीची नाहीतर उतरल्यानंतरची सोय म्हणून पाहिलं, तर या पैशात हिच्या जवळपास जाणारं काही दक्षिण मुंबईत सापडत नाही. हा फरक कशामुळे पडतो हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

एकोणिसाव्या शतकात सासष्टी-बार्देसचे तरुण पोर्तुगीज गोव्यातून ब्रिटिश मुंबईत यायला लागले ते आचारी, बटलर, बँडवाले, शिंपी, पाववाले म्हणून. त्यातला मोठा भाग गेला बोटींवर. पी अँड ओ आणि ब्रिटिश इंडिया या कंपन्यांना प्रवाशांच्या जेवणघरासाठी डुकराचं आणि गाईचं, दोन्ही मांस शिजवायला आणि वाढायला हरकत नसलेली माणसं हवी होती. ती गोव्याच्या ख्रिस्तावांत मिळाली. मात्र बोटीची नोकरी सलग नसते. एक करार संपतो, दुसरा मिळेपर्यंत आठवडे जातात, कधी महिने. तेवढ्यात गावी जाऊन परत येणं खर्चाचं, आणि बोलावणं आलं तेव्हा माणूस मुंबईत नसेल तर जागा दुसऱ्याची. म्हणून गाववाल्यांनी मिळून खोली घेतली. खोलीत राहायचं थोडे दिवस, पण सामान तिथे वर्षभर. कुडीचा सगळा हिशोब त्यातून येतो: इथे जागा माणसाला नसते, त्याच्या ट्रंकेला असते.

लालबाग-परळच्या गिरणी कामगारांना हे नवीन वाटायचं नाही. कोकणातल्या नि घाटावरच्या गावांच्या खोल्याही अशाच चालायच्या: भिंतीला ट्रंका, जमिनीवर पथाऱ्या, पाळीप्रमाणे झोप. फरक दोन. तिथे जेवण खानावळवाल्या बाईकडे, इथे बहुतेक ज्याचं त्याने बघायचं. आणि इथे खोलीच्या मध्यावर आल्तार, म्हणजे प्रार्थनेची वेदी.

तिसरीही एक गोष्ट आहे, मयताचा फंड. परक्या शहरात गाववाला गेला तर पेटी, कबर, मिस्सा (चर्चमधली प्रार्थना) यांचा खर्च कूड उचलत आली. 1882 साली अमेरिकेत न्यू हेवनच्या सेंट मेरी चर्चच्या तळघरात फादर मायकल मॅकगिव्हनी यांनी नाइट्स ऑफ कोलंबस ही कॅथलिक पुरुषांची संघटना उभी केली, तीही घरचा कर्ता गेल्यावर विधवा-पोरांच्या हाती पैसे पडावेत म्हणून. तिची पुढे मोठी विमा कंपनी झाली. कुडींची झाली नाही, कारण प्रत्येक कूड आपापल्या गावापुरती. मागच्या शतकाच्या मध्याला मुंबईत त्या तीनशेच्या वर होत्या. धोबीतलाव, कावेल, दाबूळ, माझगाव, डॉकयार्ड रोड या पट्ट्यात. एकत्र येण्याचं काम खलाशांच्या बाजूने झालं: आजची नॅशनल युनियन ऑफ सीफेरर्स आपलं मूळ 1896 च्या गोवा पोर्तुगीज सीमेन्स क्लबात सांगते. बॅलार्ड इस्टेटीत गोवा स्ट्रीट आहे तो उगाच नाही. कोकणी तियात्र, म्हणजे गाण्यांचं नाटक, तोसुद्धा याच वस्तीच्या जिवावर उभा राहिला. पहिला खेळ झाला तो गोव्यात नव्हे, मुंबईत, 17 एप्रिल 1892 रोजी.

आता प्रवेशाचं. कायमचा सभासद व्हायचं तर तीन गोष्टी विचारल्या जातात: गाव, धर्म आणि ओळख. गाव म्हणजे जन्मगाव नव्हे, घराण्याचं गाव. मडगावात वाढलेला मुलगासुद्धा बापाच्या गावच्याच कुडीत बसतो. बाप्तिस्म्याचा दाखला आणि पाद्रीची चिठ्ठी जवळ ठेवावी, पण खरं काम करते ती आधीच्या सभासदाची हमी. बाप किंवा मामा सभासद असेल तर अर्ज लवकर सुटतो. समितीत अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार. अर्ज त्यांच्या बैठकीपुढे जातो, म्हणून बोटीची तारीख लागल्यावर अर्ज करून उपयोग नाही. आधी प्रवेश फी, मग महिन्याची वर्गणी, आणि ही वर्गणी तुम्ही तिथे झोपा किंवा अटलांटिकवर असा, चालूच राहते. नवीन मुलं इथे हमखास चुकतात. नऊ महिन्यांच्या करारावर जातात, वर्गणी थकते, परत येतात तेव्हा नाव फळ्यावर थकबाकीच्या यादीत आणि दंड वर. जाण्याआधी वर्षभराचे पैसे भरून पावती घ्यायची, एवढाच उपाय.

रक्कम कुडीगणिक वेगळी, पण महिन्याचा आकडा आसपासच्या साध्या लॉजच्या एका रात्रीच्या भाड्याखाली राहतो. सभासद नसलेल्याला, शेजारगावच्या माणसाला किंवा ट्रेनिंगला आलेल्या मुलाला बऱ्याच कुडी आता दिवसाच्या दराने ठेवून घेतात. काहींनी तर गोव्याबाहेरच्यांनाही दार उघडलंय. तिथेही हमीदार आणि ओळखपत्र लागतं. बायकांना मुक्कामाची सोय साधारणपणे नाही, आणि कुटुंब घेऊन येणाऱ्याने हा विषय काढूच नये.

आत गेल्यावर काय मिळतं? एक मोठी खोली किंवा हॉल, दिवे, पंखे, आणि भिंतीलगत ट्रंकांची ओळ. ट्रंकेवर पांढऱ्या ऑइलपेंटने नाव, कधी खाली बोटीच्या कंपनीचं लेबल अर्धं खरवडलेलं. वर गुंडाळलेली पथारी. दिवसा ट्रंक बाक असते, संध्याकाळी टेबल. रात्री तिच्यासमोरची साडेपाच-सहा फूट जमीन तुमची. कुलूप तुमचंच लागतं, आणि ते जाड आणावं, कारण दार दिवसभर उघडं असतं. सोबत चादर, उशीची खोळ, बादली-मग, आणि चार्जिंगसाठी लांब वायरचं एक्स्टेंशन. प्लग भिंतीला मोजके नि सगळे ट्रंकांच्या मागे. जमिनीवर झोपायची सवय मोडलेल्यांनी पातळ गादी आणावी. कुडीची असेल तर ती कुणाकुणाच्या पाठीखाली गेली आहे ते विचारू नये.

पाण्याचं वेळापत्रक हीच खरी अडचण. जुन्या इमारतींत नळ ठरावीक वेळेलाच येतो, बाकी दिवस पिंपावर. हॉल भरलेला असेल तर सकाळी साडेसहाला संडासापुढे रांग. बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत सी-वन-डी, म्हणजे खलाशांच्या व्हिसाची सकाळची वेळ असेल तर पाचला उठून आंघोळ उरकावी, नाहीतर रांगेत उभं राहून वेळ चुकते. वैद्यकीय तपासणीलाही तेच: रक्त उपाशीपोटी द्यायचं असतं, म्हणून सकाळचा कयानीचा मोह आवरावा. पीतज्वराची लस पहिल्यांदा घेत असाल तर तिचं प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं. ते दहा दिवस लॉजच्या दराने काढणं आणि कुडीच्या दराने काढणं यातला फरक पहिल्या पगाराच्या आधीच जाणवतो.

रात्री आठच्या सुमारास तेर्स. रोझरीला, म्हणजे माळेवरच्या प्रार्थनेला, कोकणीत तेर्स म्हणतात. आल्ताराच्या काचेमागे गावचा पात्रन, म्हणजे पालक संत, बाजूला फातिमा सायबीण, प्लास्टिकची फुलं, एक छोटा बल्ब. कुणीतरी पुढे होतो, 'नमान मोरिये' म्हणतो, बाकीचे उत्तरार्ध उचलतात. पाच दहकं, म्हणजे पन्नास वेळा. मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची रहस्यं (येशूच्या आयुष्यातले प्रसंग), बुधवारी नि रविवारी वैभवाची. वीस-पंचवीस मिनिटांत संपतं, लादाय, म्हणजे आळवणीची प्रार्थना, असेल तर वेळ वाढतो. हजेरी सक्तीची आहे की नाही हे कुडीवर, पण त्या वेळात फोनवर बोलणं, पथारी पसरणं, स्टोव्ह लावणं चालत नाही. रात्रीच्या गाडीने आठला पोचणारे बॅगांसकट दाराबाहेर उभे राहिलेले दिसतात ते यामुळे. नऊनंतर पोचावं. दारू, पैशांचा पत्त्यांचा डाव, उशिरा येऊन दार ठोठावणं, यांवर दंड. दुसऱ्यांदा झालं तर हमीदाराला बोलावणं. दंडापेक्षा ते वाईट, कारण बातमी दोन दिवसांत गावच्या चर्चच्या पायऱ्यांवर असते.

वर्षातून एकदा पात्रनाचं फेस्त, म्हणजे सण. त्या दिवशी कूड ओळखू येत नाही: भिंतींना रंग, मिस्सा, लादायनंतर खोबरं घातलेले उकडलेले चणे आणि थोडी फेणी. जुने सभासद वांद्र्या-बोरिवलीहून पोरं-बायकांसकट येतात. एरवी बायकांना न दिसणारी खोली त्या दिवशी दिसते. समितीला भेटायचं, अर्ज पुढे करायचा, थकबाकी मिटवायची असेल तर हाच दिवस निवडावा. सगळे एका जागी आणि मूड चांगला.

मोडतं कुठे, तर जागेच्या कागदात. बहुतेक कुडी पागडीच्या भाडेकरू आहेत. भाडेपावती एक, सभासद शंभर. पावतीवर क्लबचं नाव असेल तर ठीक. पण कित्येक ठिकाणी ती पन्नास वर्षांपूर्वीच्या कुणा सेक्रेटरीच्या नावावर राहिली आणि तो माणूस गेला. मग मालक वारसांना विचारतो, कुडीला नाही. पुनर्विकास आला तर उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्ती-उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतीत निवासी भाडेकरूला किमान 300 चौरस फूट मिळतं, ते पावतीमागे मिळतं, ट्रंकेमागे नाही. ज्या समितीने पावती, वीजबिल नि बँक खातं तिन्ही क्लबच्या नावावर केलंय तिथे निर्धास्त सभासद व्हावं. प्रवेश फी भरण्याआधी हे तीन कागद बघायला मागणं उद्धटपणा नाही. टाळाटाळ झाली तर समजून घ्यावं.

दुसरं दुखणं मृत ट्रंकांचं. सभासद परदेशी स्थायिक झाला, वारला, वर्गणी थांबली, ट्रंक तशीच. उघडायला कुणी धजत नाही, कारण आत काय निघेल नि त्याची जबाबदारी कुणावर. परिणामी निम्मा हॉल रिकामा आणि नवीन ट्रंकेला जागा नाही. मुलांचाही ओघ आटलाय. गोव्याहून थेट विमानं आहेत, एजंट पणजी-मडगावात बसतात, मुंबईत पूर्वीइतकं थांबावंच लागत नाही. 1955 ला भारताने पोर्तुगीज गोव्याची नाकेबंदी केली, रेल्वे तुटली, तेव्हा मुंबईत अडकलेल्यांना कूड हेच घर होतं. आज ती प्रतीक्षालय झाली आहे. वाईट म्हणून नाही, आहे तसं.

कुणी राहावं? पहिल्या करारावर जाणाऱ्या मुलाने, डोळे झाकून. हॉलमधल्या निवृत्त स्टुअर्डकडून कुठल्या एजंटाला पैसे द्यायचे नाहीत हे फुकट कळतं, आणि कोर्सच्या फीपेक्षा त्याची किंमत जास्त. पाठदुखीवाल्याने, रात्री काम करणाऱ्याने, एकटं राहायची सवय असलेल्याने नको. हौशी फोटोवाल्यांनी आधी विचारावं. तो राहता हॉल आहे, संग्रहालय नव्हे.

निघताना क्रम असा ठेवावा: वर्गणीची पावती, मॅनेजरच्या रजिस्टरात जाण्याची तारीख, बोटीचं नाव आणि गावचा फोन नंबर. ट्रंकेत डांबरगोळ्या, तळाला प्लास्टिक, कारण मुंबईच्या पावसात भिंती पाझरतात. कागदपत्रं आत ठेवू नयेत. किल्ली एक स्वतःकडे, दुसरी घरी. मॅनेजर ती ठेवून घेत नाही, आणि बरोबरच करतो.