४×१०० की ४×४००: रिलेत जागा कुठे शोधावी?

रिले संघात (चौघे, प्रत्येकी १०० किंवा ४०० मीटर) जागा मिळते ती वैयक्तिक वेळेवर. १०० किंवा ४०० मीटरमध्ये देशातल्या पहिल्या पाच-सहांत नाव नसेल, तर बॅटन हाती येणे कठीण. पैशासाठी तर फक्त रिलेवर विसंबूच नये. पॅरिस २०२४ मध्ये जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने सुवर्णाला ५०,००० डॉलर दिले. रिले संघालाही तेवढेच, पण ते चौघांत वाटून.

४×१०० चा निकाल बॅटन बदलताना लागतो. बदल ३० मीटरच्या पट्ट्यात आणि मागे न बघता करायचा असतो. पुढचा धावपटू मागे टाचेला बोट लावत साधारण २० ते ३० पावले मोजून टेप चिकटवतो. येणारा त्या खुणेवर पोहोचताच सुटायचे. आधी सुटलात तर बॅटन पट्ट्याबाहेर जाते आणि संघ बाद होतो (पाय कुठे आहेत हे बघत नाहीत, बॅटन कुठे आहे ते बघतात). उशीर झाला तर येणारा अंगावर येतो, दोघांचाही वेग मोडतो. अंतिम फेरीच्या जोशात पुढचा सरावापेक्षा जोरात सुटतो, म्हणून मोजलेली खूण तिथेच फसते. पहिला आणि तिसरा टप्पा वळणावर. तिथे बॅटन उजव्या हातात, म्हणजे लेनच्या आतल्या कडेने पळता येते. रिओ २०१६ मध्ये जपानने ३७.६० सेकंदांत रौप्य मिळवले, तेव्हा चौघांपैकी एकानेही १०० मीटर १० सेकंदांच्या आत धावलेले नव्हते. बदलात हात पक्का असणाऱ्याला इथे खरीच किंमत आहे.

४×४०० मध्ये येणारा थकलेला असतो, म्हणून घेणारा वळून बघतो. बदल सोपा, पण गर्दी वाईट: दुसरा धावपटू पहिल्या वळणानंतर लेन सोडतो आणि ढकलाढकली सुरू होते. आतली जागा पकडायला पहिले २०० मीटर जीव तोडून पळणारे शेवटच्या १०० मीटरला कोसळतात. शिवाय वैयक्तिक ४००, मिश्र रिले (दोन पुरुष, दोन महिला) आणि ही रिले धरून एकाच स्पर्धेत चार-पाच पूर्ण फेऱ्या पायांवर येतात. पण मिश्र रिलेमुळे संघात जागाही वाढतात.

ठरवायला २०० आणि ४०० ची वेळ मोजा. ४०० ची वेळ २०० च्या दुपटीपेक्षा साडेतीन-चार सेकंदांनीच जास्त असेल, तर ४×४०० कडे जा. फरक सहा-सातचा असेल आणि वळणावर वेग टिकत असेल, तर ४×१०० चा तिसरा टप्पा मागा.