जाड केबल बघून घेतली आणि मोटर जळली

आमचं गाव राजापूर तालुक्यात, कातळावर. बाव (विहीर) मार्चमध्येच तळाला जाते म्हणून बोअर मारलं आणि त्यात दीड एचपीची सिंगल फेज सबमर्सिबल सोडली. तीन वर्षांपूर्वी लावलेली हापूसची कलमं आहेत, पहिले तीन-चार उन्हाळे त्यांना पाणी द्यावंच लागतं, नाहीतर कातळावरचं कलम चैत्रातच माना टाकतं. मोटर दोनशे फुटांवर, तिथून घराच्या पडवीतल्या स्टार्टरपर्यंत अजून चाळीस मीटर, म्हणजे शंभर मीटरचा पूर्ण रोल लागला. हा रोल घेतानाच मी फसलो, आणि कसा फसलो ते नीट लिहितोय कारण माझ्यासारखे बागवाले याच दिवसांत केबल घ्यायला बाजारात जातात.

दुकानाचं नाव लिहीत नाही. मी म्हटलं अडीच स्क्वेअरची तीन कोर (आत तीन वेगळ्या वायरी असलेली) फ्लॅट केबल दाखवा. त्याने दोन तुकडे काढले, एक नावाजलेल्या कंपनीचा आणि एक त्याच्याकडचा "हेवी" माल, दोन्ही माझ्या हातात दिले आणि म्हणाला, "काका, हात लावून बघा, ही केवढी भरीव आहे, ती बघा कशी पातळ, आणि वर मीटरला अठरा रुपये कमी." खरंच ती जाड होती. चिमटीत धरली की वाटावं हीच टिकाऊ. वर २.५ छापलेलं होतं, मी खूश होऊन शंभर मीटर घेतली, चिठ्ठीवर त्याने नुसतं "केबल १ रोल" लिहिलं आणि मी ती चिठ्ठी तशीच खिशात घातली.

घरी आल्यावर वायरमन केबल स्टार्टरच्या डब्यात घालायला लागला तर ती रबरातून शिरेना. तो म्हणाला, "काका, अडीचची नेहमी बसते हो, ही जाड आहे." मी म्हटलं हेवी आहे ना, मग त्याने भोक वाढवलं. तिथेच थांबून एक टोक सोलून बघितलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं, हे मला आजही खातं.

पहिला महिना पाणी आलं. नंतर संध्याकाळी मोटर उचलायची नाही, नुसती घूं करायची, दोन-तीनदा बटण दाबलं की चालू व्हायची. आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज २०५ च्या आसपास असतं म्हणून मी महावितरणवर राग काढत बसलो. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ती जी बंद पडली ती पडलीच. चार माणसं लावून पाइप ओढला, मोटर रिवाइंडिंगला नेली. तिथल्या मिस्त्रीने वाइंडिंग बघितलं, काळं पडलेलं, आणि पहिला प्रश्न विचारला की केबल कुठली? सोबत बांधून आलेला हातभर तुकडा त्याने कटरने सोलला, तांबं बोटात फिरवलं आणि म्हणाला, "काका, अडीच म्हणून घेतलीत का ही? यात दीडचंसुद्धा तांबं नाय."

मग त्याने जे समजावलं ते मला पन्नाशीत पहिल्यांदा कळलं. बाहेरून जी जाडी दिसते ती तांब्याची नसते, ती तांबं अधिक दोन्ही बाजूचं इन्सुलेशन अधिक वरचं आवरण अशी सगळी मिळून असते. अडीच स्क्वेअर एमएम हे केबलच्या जाडीचं माप नाहीच, ते तांब्याच्या छेदाचं क्षेत्रफळ आहे, करंट त्यातून जातो. प्लास्टिक किती जाड हवं ते व्होल्टेजवर ठरतं, अडीचच्या कोरवर साधारण ०.८ मिमी पुरतं, त्याहून जाड केलं म्हणून केबल एक अँपियरही जास्त नेत नाही. माझ्या केबलचा एक कोर बाहेरून ४.१ मिमी भरला, चांगल्या कंपनीचा मिस्त्रीच्याच दुकानात पडलेला होता तो ३.६. म्हणजे माझा जाड! पण माझ्या कोरवर प्लास्टिकच १.३ मिमी होतं.

आतल्या तारा आम्ही दोघांनी बसून मोजल्या. २८ तारा, मायक्रोमीटरवर प्रत्येक ०.२५ मिमीची. एका तारेचं क्षेत्रफळ म्हणजे व्यासाचा वर्ग गुणिले ०.७८५, ते आलं ०.०४९, गुणिले २८, एकूण १.३७ स्क्वेअर एमएम. आपल्याकडे मिळणाऱ्या अडीचच्या फ्लेक्सिबलमध्ये साधारण ०.३ च्या ३६ तारा असतात, त्यांचा हिशोब अडीचच्या थोडा वरच येतो. आता फसवणूक दिसत का नाही ते बघा, अडीचची एकच भरीव तार घेतली तर तिचा व्यास १.७८ मिमी, आणि १.३७ ची घेतली तर १.३२. फरक अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही, वर प्लास्टिक चढवलं की डोळ्याला काय दिसणार, पण तांबं जवळजवळ निम्मं गेलं, कारण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने बदलतं.

काढलेली केबल आम्ही सावलीत पसरली, एका टोकाला दोन कोर जोडले आणि दुसऱ्या टोकाला रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, मोजायचा मीटर लावला. मीटरच्या स्वतःच्या वायरींचा वजा करून तीन ओहमच्या आसपास आलं. अडीचच्या फ्लेक्सिबल तांब्याला किलोमीटरला जास्तीत जास्त ७.९८ ओहम चालतात (२० अंश तापमानाला), म्हणजे जाऊन-येऊन दोनशे मीटरला १.६. माझी मोटर दहा अँपियर घेते, म्हणजे १६ व्होल्ट पडायला हवे होते तिथे ३० पडत होते, २०५ मधले ३० गेले की मोटरला मिळाले १७५, आणि सुरू होताना तर करंट कितीतरी पट ओढते. ती बिचारी घूं करत होती ते यामुळे, आणि मी लाइटवाल्यांना बोल लावत होतो.

तरी माझं समाधान होईना म्हणून एक मीटर कोर ब्लेडने उभा चिरून नुसतं तांबं काढलं आणि आमच्या ओळखीच्या सोनाराकडे काट्यावर ठेवलं. १२ ग्रॅम आणि वर थोडं. अडीच स्क्वेअरचं एक मीटर तांबं साधारण २२ ग्रॅम भरतं. हे कुणीही करू शकतो, मोठं गणित नको, मायक्रोमीटर नको. तांब्याचं मीटरला ग्रॅममधलं वजन भागिले ९ केलं की स्क्वेअर एमएम मिळतं. चांगल्या कंपनीच्या केबलमध्येही एखाद-दीड ग्रॅम कमी निघालं तर लगेच भांडायला जाऊ नका, कारण स्टँडर्ड केबलला तांब्याच्या वजनावर नाही, रेझिस्टन्सवर पास करतं, पण दहा ग्रॅम कमी म्हणजे सरळ चोरी. आणि एक तार ब्लेडने खरवडून बघा, आत पांढरी निघाली तर ते अॅल्युमिनियम आहे, वरून फक्त तांब्याचा मुलामा. माझ्यात निदान ते नव्हतं.

केबलच्या दुकानात परत गेलो तेव्हा दुकानदार म्हणाला मी तुम्हाला स्क्वेअर एमएम लिहून दिलंय का? चिठ्ठी माझ्या हातात होती आणि तीवर "केबल १ रोल" एवढंच. मग केबलवर परत नीट बघितलं, २.५ छापलेलं, पुढे स्क्वेअर एमएम नाहीच, आयएसआयची खूण नाही, लायसन्स नंबर नाही. पीव्हीसी केबलला आयएसआय सक्तीची आहे, आयएस ६९४ हा तिच्या स्टँडर्डचा नंबर, आणि छापलेला लायसन्स नंबर बीआयएस (आयएसआयची खूण देणारी सरकारी संस्था) केअर अॅपमध्ये टाकला की खरा-खोटा कळतो. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली आहे पण पक्कं बिल नसल्याने माझी बाजू लंगडी आहे हे मला माहीत आहे. त्यामुळे बिलावर कंपनी, कोर, स्क्वेअर एमएम आणि मीटर हे चारही लिहून घ्या, तो जीएसटीचं कारण सांगून कच्च्यावर ढकलेल, तरी सोडू नका.

रिवाइंडिंग, माणसं आणि नवीन केबल मिळून साडेचौदा हजार गेले. मोटर बंद होती त्या बारा दिवसांत टँकर मिळाला नाही, वरच्या अंगाची सात कलमं वाळली, त्यांच्या बुडात हंड्याने पाणी घालत माझी बायको आणि मी रोज फिरत होतो पण ती धरली नाहीत. नवीन केबल जुनीपेक्षा बारीक आहे, स्टार्टरच्या रबरातून सैल जाते म्हणून टेप गुंडाळावी लागली, आणि मोटर संध्याकाळी सातलाही पहिल्या बटणात उचलते.

जुन्या केबलचा हातभर तुकडा, एक टोक सोललेला, पडवीत खुंटीला लावून ठेवलाय. काल खालच्या वाडीतला एक पोरगा पाणी न्यायला आला, तो बघून म्हणाला आमची पण अशीच आहे, त्याच दुकानातली, गेल्या महिन्यात घेतलेली, अजून अर्धा रोल शिल्लक आहे. त्यातलं मीटरभर कापून आण म्हणालोय, उद्या दोघं मिळून सोनाराकडे जाणार आहोत.