साठ हजार युनिटची पुडी: औषध उत्तम, पाकीट सदोष

रक्तातील ड जीवनसत्त्व प्रति मिलिलिटर ११ नॅनोग्रॅम, म्हणजे बरेच कमी, भरल्यावर डॉक्टरांनी आईला कोलेकॅल्सिफेरॉलची (म्हणजे ड३ जीवनसत्त्वाची) ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, आठ आठवडे घ्यायला सांगितली. पूड दुधात सहज मिसळते, चवही बरी आहे. हे जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थात विरघळत असल्याने ती आम्ही रविवारी जेवणानंतर सायीच्या दुधातून देतो. तक्रार आहे ती पाकिटाबद्दल. ‘आठवड्यातून एकदा’ हे शब्द इतके बारीक छापले आहेत की आईने, चष्मा नसताना, सोमवारी सकाळी दुसरी पुडी फोडलीच होती. ही मात्रा रोज घेत राहिल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मळमळ, बद्धकोष्ठता, प्रसंगी मूत्रपिंडाला इजाही होऊ शकते. आता उरलेल्या पुड्या माझ्या कपाटात असतात आणि कालनिर्णयावर दर रविवारी लाल फुली.