मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट नऊ महिने वापरल्यावर: किती टक्के झालं ते नका विचारू, किती दिवस राहिले ते विचारा

कोथरूडला एका जुन्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट चालू आहे, खाली पार्किंग आणि वर सात मजले, तिथलं प्लॅनिंग मी बघतो. गेल्या सप्टेंबरात गणपती उठल्यावर आम्ही एक्सेल सोडून मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट हे कामांचं वेळापत्रक बनवायचं सॉफ्टवेअर घेतलं, विंडोजवरची डेस्कटॉप आवृत्ती. नऊ महिने रोज वापरलंय म्हणून लिहितोय, साइटवर काम करणाऱ्या कुणाला तरी उपयोग होईल.

सगळ्यात आधी एक सेटिंग. 2010 च्या आवृत्तीपासून नवीन टास्क, म्हणजे यादीतलं एक काम, मुळातच मॅन्युअली शेड्युल्ड असतो, म्हणजे एका कामाला दुसऱ्याशी जोडणारी लिंक टाकली तरी मागचं काम लांबलं की पुढची तारीख आपोआप सरकत नाही. खाली डाव्या कोपऱ्यात ते ऑटोवर करा आणि मगच पहिली ओळ टाइप करा. आधीच टाकलेले टास्क असतील तर तेही सगळे सिलेक्ट करून बदला.

आता खरी गोष्ट, लिंक. चार प्रकार आहेत पण बिल्डिंगच्या कामात दहातल्या नऊ लिंक फिनिश टू स्टार्टच लागतात, म्हणजे आधीचं संपलं की पुढचं सुरू: सेंट्रिंग (स्लॅबचा साचा आणि टेकू) झालं की सळई, सळई झाली की कंड्युट (वायरींचे पाइप), मग स्लॅब भरायचा. अवघड जातं ते स्लॅब भरल्यानंतरचं. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे 4.5 मीटरपर्यंतच्या स्पॅनच्या स्लॅबखालचे टेकू 7 दिवस ठेवायचे, त्यापेक्षा मोठा स्पॅन असेल तर 14, आणि 6 मीटरपेक्षा मोठ्या बीमखालचे 21. आमचे स्पॅन मोठे, म्हणून मी सुरुवातीला 'क्युरिंग' (पाणी मारत काँक्रीट पक्कं होऊ देणं) नावाचा 14 दिवसांचा टास्क टाकला आणि त्यात दोन चुका एकदम झाल्या.

पहिली चूक अशी की आमची साइट रविवारी बंद, कॅलेंडर सहा दिवसांचं, त्यामुळे सॉफ्टवेअरने ते 14 कामाचे दिवस धरले आणि तारीख 16 दिवसांनंतरची दिली. काँक्रीटला रविवार नसतो. सेंट्रिंगचे आमच्याकडे दोनच सेट, पहिल्या स्लॅबचा माल तिसऱ्याला, तिसऱ्याचा पाचव्याला, पाचव्याचा सातव्याला, म्हणजे दर खेपेला दोन दोन करत सातव्या स्लॅबपर्यंत सहा दिवस नुसते कागदावरच वाढले होते. उपाय एकदम साधा आहे, टास्क काढून टाका आणि लिंकलाच लॅग, म्हणजे दोन कामांमधली थांबायची मुदत द्या, पण तो साध्या दिवसांचा नको, इलॅप्स्ड दिवसांचा द्या, प्रेडिसेसरच्या (आधीच्या कामाच्या) रकान्यात आकड्यामागे डी ऐवजी ईडी लिहिलं की रविवार, दिवाळी सगळं धरून मोजतं.

दुसरी चूक टक्क्यांची, आणि ती जास्त वाईट होती कारण ती कुणाच्या लक्षातच येत नव्हती. समरी टास्कचे, म्हणजे बरीच कामं एकत्र दाखवणाऱ्या वरच्या ओळीचे, टक्के हे खालच्या टास्कच्या दिवसांवरून निघतात, किती घनमीटर काँक्रीट पडलं किंवा किती माणसं लागली याच्याशी त्याचा संबंध नाही. सेंट्रिंग 6, सळई 4, कंड्युट 1, भरणं 1 आणि क्युरिंग 14 असे मिळून 26 दिवस. स्लॅब भरून झाला त्या संध्याकाळी, म्हणजे सगळी मेहनत संपल्यावर, स्क्रीनवर आकडा 46. मग दोन आठवडे फक्त पाणी मारलं आणि आकडा 100 झाला. मालकांच्या मीटिंगमध्ये हा आकडा दाखवणं बरोबर नाही, माझ्या मते कुठल्याच मीटिंगमध्ये टक्के एकटे दाखवू नयेत.

टास्कवर थेट 100 टाइप करणं तर बंदच करा. आमचं दुसऱ्या मजल्याचं ब्लॉकवर्क चार दिवस उशिरा संपलं, मी नुसतं 100 टाकलं, तर त्याने प्लॅनमधलीच तारीख अॅक्चुअल फिनिश (काम खरंच संपल्याची तारीख) म्हणून भरली आणि चार दिवसांचा उशीर गायब, पुढच्या गिलाव्याची तारीख जागची हललीच नाही. खरी तारीख अॅक्चुअल फिनिशमध्ये हाताने टाकायची. आणि मागचं काम अर्धं असताना पुढच्यावर प्रगती टाकली तरी ते अडवत नाही, ते आपणच बघायचं.

एक गोष्ट लिंक न टाकल्याचीही. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगच्या पुढे मी काहीच जोडलं नव्हतं, तर टोटल स्लॅक, म्हणजे प्रोजेक्टला उशीर न होता काम किती लांबू शकतं ती सवड, प्रोजेक्ट संपेपर्यंतचा दाखवत होतं, म्हणजे निवांत करा. पुण्यात जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर निवांत कसं करणार, आणि सातव्या मजल्याचा आतला गिलावा त्याच्यावरच अवलंबून! लिंक टाकली आणि स्लॅक एकदम आठवड्यावर आला. तेव्हापासून शेवटचा माइलस्टोन सोडून एकही टास्क पुढे न जोडता ठेवत नाही. टास्क पाथमध्ये ड्रायव्हिंग प्रेडिसेसर रंगवून बघता येतात, कुठल्या कामामुळे तारीख अडली ते लगेच दिसतं, मला या सॉफ्टवेअरमधलं सगळ्यात आवडलेलं तेच.

दर शनिवारी संध्याकाळी माझा क्रम ठरलेला आहे. स्टेटस डेट (प्रगती कुठल्या दिवसापर्यंतची ती तारीख) टाकतो, सुरू झालेल्या आणि संपलेल्या कामांच्या खऱ्या तारखा भरतो, मग चालू कामांचं रिमेनिंग ड्युरेशन (उरलेले दिवस), आणि शेवटी अपडेट प्रोजेक्टमधून न झालेलं काम स्टेटस डेटच्या पुढे ढकलतो. हे शेवटचं केलं नाही तर न झालेलं काम मागच्याच आठवड्यात पडून राहतं आणि पुढच्या सगळ्या तारखा खोट्या. रिमेनिंग ड्युरेशनसाठी आमच्या मुकादमांना, त्यांना सगळे अण्णा म्हणतात, मी आधी विचारायचो किती टक्के झालं, आणि उत्तर कायम "ऐंशी टक्के झालंय साहेब". आता विचारतो "अण्णा, अजून किती दिवस?" तर ते बोटं मोजून सांगतात, "प्लंबरने खाच आज भरून दिली तर तीन, नाहीतर पाच." त्या एका वाक्यात उरलेले दिवसही मिळतात आणि माझ्या प्लॅनमध्ये नसलेली लिंकसुद्धा.

अण्णा काही सॉफ्टवेअर उघडत नाहीत, त्यांना गरजही नाही. पुढच्या चार आठवड्यांचा भाग फिल्टर करून मी ए3 वर प्रिंट काढतो आणि साइट ऑफिसच्या दाराला लावतो, त्यावर ते पेन्सिलने तारखा लिहितात, आणि शनिवारी मी तो कागद काढून शेजारी ठेवूनच अपडेट करतो.