चाळीस कालवडी, एक तारीख आणि शंभर टक्के हमी

सौद्याच्या कागदावर तीनच ओळी होत्या. चाळीसच्या चाळीस कालवडी एका दिवशी माजावर आणून रेतन करू. एकविसाव्या दिवशी गाभण तपासून देऊ. एखादी रिकामी राहिलीच तर दुसरी फेरी फुकट. मांसासाठी पाळलेल्या कळपात माज जुळवायचं काम ज्यांच्या हातून झालंय, त्यांना तिन्ही ओळींत खोट लगेच दिसेल. कळपमालकाला ती दिसली नाही, कारण काम घेणारा ठेकेदार ज्या पद्धतीचं नाव घेत होता ती अस्सल होती. पुढे तिच्या प्रत्येक पायरीवर थोडी थोडी चोरी झाली.

आधी एवढं लक्षात घ्या की कुठल्याही औषधाने सगळा कळप एका दिवशी माजावर येत नाही. माजाचं चक्र 21 दिवसांचं, पुढेमागे 18 ते 24. प्रोस्टाग्लँडिन, म्हणजे बोलीतली पीजी, बीजांडावरचं पीतपिंड विरघळवते. पीतपिंड म्हणजे बीज सुटल्यावर तिथे उरणारी, पुढचा माज रोखून धरणारी गाठ. पण माज होऊन पाच-सहा दिवस झाले नसतील तर पीतपिंड तिला दाद देत नाही, आणि सोळा-सतरा दिवसांनंतर ते आपोआपच विरायला लागतं. शिवाय जी कालवड अजून माजावर यायलाच लागली नाही, तिच्यात विरघळवायला काही नसतंच. म्हणून पीजीचं एकच इंजेक्शन दिलं तर चक्र सुरू असलेल्या कालवडींपैकीही साधारण पाऊण भागच माजावर येतात, आणि त्याही दोन ते पाच दिवसांत विखुरलेल्या. ‘एक टोचलं की झालं’ म्हणणारा माणूस एकतर शिकाऊ असतो, नाहीतर हुशार.

इथे ठरली होती ती सात दिवसांची सीडरची पद्धत. शून्याव्या दिवशी जीएनआरएचचं, म्हणजे बीज सोडायला लावणाऱ्या संप्रेरकाचं इंजेक्शन, गोनॅडोरेलिन असेल तर 100 मायक्रोग्रॅम, आणि त्याच वेळी योनीत सीडर, म्हणजे प्रोजेस्टेरॉन हे माज रोखणारं संप्रेरक भरलेला टी आकाराचा तुकडा. सातव्या दिवशी सीडर काढायची आणि पीजी द्यायची: क्लोप्रोस्टेनॉल 500 मायक्रोग्रॅम किंवा डायनोप्रोस्ट 25 मिलिग्रॅम. सीडर काढल्यापासून 54 तासांनी, दोन तास इकडे-तिकडे, सगळ्या कालवडींचं रेतन आणि त्याच वेळी जीएनआरएचचा दुसरा डोस. व्यालेल्या गायींना हाच अवधी 60 ते 66 तासांचा असतो, कालवडींना तो चालत नाही. सगळं नेमकं केलं तरी एका रेतनात निम्म्या ते साठ टक्के कालवडी गाभण राहतात. त्याहून थोडं जास्त सांगणाऱ्याला चांगला कळप मिळाला असेल. शंभर सांगणारा खोटंच बोलतोय.

पहिली चोरी सुरुवातीलाच झाली, कालवडी निवडताना. हे काम रेतनाच्या महिना-दीड महिना आधी करायचं असतं. प्रौढ गायीच्या वजनाच्या 60 ते 65 टक्के वजन भरलं का ते बघायचं. गाय 500 किलोची होत असेल तर कालवड 300 ते 325 किलोची हवी. मग गुदद्वारातून हात घालून गर्भाशय आणि बीजांडं चाचपून 1 ते 5 गुण द्यायचे. 1 म्हणजे गर्भाशय अजून बोटाएवढं आणि ढिलं, तिच्यावर औषध वाया. 2-3 वाल्या उंबरठ्यावर असतात, सीडरमधल्या प्रोजेस्टेरॉनने त्यातल्या काही सुरू होतात. 4-5 वाल्या तयार. इथे ठेकेदाराने वाड्याच्या फळीवर रेलून नजरेनेच तपासलं आणि ‘सगळ्या पास’ म्हणून टाकलं. खोड्यात एकही कालवड घेतली नाही. चाळीस पास झाल्या तर चाळीसचे पैसे मिळतात, एवढं साधं गणित. जुळ्यात वळूबरोबर जन्मलेली कालवड बहुतेक वेळा वांझच असते, तीही अशा तपासणीतून बिनबोभाट सुटते.

सीडर आल्या त्या बादलीत, जंतुनाशकाच्या पाण्यात बुडवलेल्या. बादलीत काही गैर नाही. नवी सीडरही बसवण्याआधी अॅप्लिकेटरसकट जंतुनाशकात बुडवतातच. पण नवी सीडर सीलबंद पिशवीतून निघते आणि त्या पिशव्या कुठेच दिसल्या नाहीत. आधीच्या कळपातून काढलेल्या, धुतलेल्या सीडर होत्या त्या. नव्या सीडरचं सिलिकॉन एकसारखं फिकट आणि स्वच्छ असतं. वापरलेलीवर डाग राहतात, पंखांच्या बेचक्यात मळ अडकलेला सापडतो. सीडर एकदाच वापरायची असते. दुसऱ्यांदा घातलीत तर एका कळपाचा रोग दुसऱ्यात जाऊ शकतो, आणि प्रोजेस्टेरॉन कमी पडलं तर बीजांडावरची पुटिका, म्हणजे बीज धरून असलेली फुगी, वेळेवर बदलत नाही. ती तशीच वाढत राहते, आतलं बीज जुनं होतं. कालवड माज छान दाखवते आणि गाभण राहत मात्र नाही. म्हणून बसवायच्या दिवशी पिशव्या आपल्यासमोर फोडून घ्या आणि रिकाम्या पिशव्या आपल्याकडेच ठेवा.

सात दिवसांत सात सीडर गळाल्या. चाळीसमागे एखाद-दुसरी गळणं साहजिक आहे, सात नाही. बाहेर लोंबणारी दोरी कापून आखूड केलेली नव्हती आणि गर्दीच्या वाड्यात कालवडी एकमेकींच्या दोऱ्या ओढतात. आखूड केलेली दोरी त्यांच्या तोंडात येत नाही. ज्यांच्या गळाल्या त्यांच्या कानातले बिल्ला क्रमांक कुणी लिहून ठेवले नाहीत, त्यामुळे सातव्या दिवशी त्यांनाही बाकीच्यांसारखंच समजून रांगेत घेतलं.

काढण्याच्या दिवशी आणखी एक जुनी युक्ती झाली. सीडर बाहेर येताना गढूळ, वास मारणारा चिकट स्राव येतो. सात दिवस परकी वस्तू आत राहिल्यावर तो येणारच. दोन-तीन दिवसांत माजाच्या स्वच्छ सोटाबरोबर, म्हणजे चिकट तारेबरोबर, निघून जातो आणि गर्भधारणेत आड येत नाही. ठेकेदाराने तो मालकाला दाखवला, ‘गर्भपिशवीत पू झालाय’ म्हणाला, आणि चाळीस कालवडींचं अँटिबायोटिक बिलात चढवलं.

खरा पुरावा कचऱ्याच्या डब्यात सापडला. क्लोप्रोस्टेनॉलचं द्रावण मिलिलिटरला 250 मायक्रोग्रॅमचं होतं, म्हणजे एका कालवडीला 2 मिली. चाळीस कालवडींना 80 मिली. डब्यात 20 मिलीच्या दोनच बाटल्या निघाल्या. विचारल्यावर उत्तर मिळालं की कालवडी हलक्या आहेत, अर्ध्या डोसात भागतं. लेबलवरचा डोस वजनावर नसतो, कालवडीला आणि गायीला तोच. गोनॅडोरेलिनचं तसंच: 50 मायक्रोग्रॅमचं द्रावण असेल तर दरवेळी 2 मिली, दोन वेळचे मिळून चाळीसला 160 मिली. ही दोन्ही औषधं पाण्यासारखी दिसतात, दोन्हींचा डोस 2 मिली, त्यामुळे सिरिंज बदलली तरी बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. आणि सातव्या दिवशी पीजीऐवजी चुकून जीएनआरएच गेलं तर सगळा कार्यक्रम तिथेच संपतो. प्रत्येक औषधाची सिरिंज वेगळ्या रंगाची पट्टी लावून ठेवली की हा घोळ होत नाही. सुई मानेच्या स्नायूत, 18 गेजची, स्नायूपर्यंत पोचेल एवढी लांब. चरबीत अडकलेला डोस अर्धामुर्धाच काम करतो. पीजी कातडीतूनही अंगात जाते, म्हणून हातमोजे घालावेत आणि गरोदर बाईने किंवा दम्याच्या माणसाने बाटलीला हातही लावू नये.

रेतनाची वेळ तर सरळसरळ विकली गेली. सीडर सोमवारी सकाळी आठला निघाल्या. 54 तास म्हणजे बुधवारी दुपारी दोन. माणसं मंगळवारी संध्याकाळी सहाला हजर झाली, 34 तासांत, कारण बुधवारी त्यांचा दुसरा कळप ठरलेला होता. कालवड माजावर आल्यापासून बीज सुटायला साधारण 24 ते 32 तास जातात, आणि गोठवलेल्या वीर्यातले शुक्राणू आत फार काळ तग धरत नाहीत. वीस तास आधी सोडलेलं वीर्य बीजाची वाट बघत मरतं.

तेही धड सोडलं गेलं नाही. गोठवलेल्या वीर्याच्या वीस कांड्या एका मगात एकदम टाकल्या, थर्मामीटर नव्हता, बोट बुडवून ‘कोमट आहे’ म्हणाले. कांडी 35 ते 37 अंशांच्या पाण्यात निदान 30 ते 45 सेकंद ठेवायची, पुसून कोरडी करायची आणि दहा-पंधरा मिनिटांत वापरायची. त्यामुळे एका वेळी हाताला उरकतील तेवढ्याच काढायच्या. विसावी कांडी वापरेपर्यंत पाऊण तास झाला. कांड्या शोधताना त्यांचा डबा द्रव नत्राच्या पात्राच्या गळ्याबाहेर काढून वाचत बसले होते, ते आणखी वाईट. उणे 196 अंशांतून वर उचललेला डबा दहा सेकंदांत परत खाली गेला नाही तर जी हानी होते ती पुन्हा बुडवून भरून येत नाही. बाहेरून कांडी जशीच्या तशीच दिसते.

आता यातली सगळ्यात चलाख चाल. रेतनानंतर तिसऱ्या दिवशी ठेकेदाराने स्वतःहून सुचवलं, ‘रिकाम्या राहिलेल्यांसाठी आजच वळू सोडा.’ ऐकायला काळजीचं वाटतं. पण वळू दहा ते चौदा दिवसांनी सोडायचा असतो, म्हणजे रेतनाचा गर्भ कोणता आणि वळूचा कोणता हे पुढे तपासणीत आणि विण्याच्या तारखांत वेगळं काढता येतं. तिसऱ्या दिवशी वळू आला की त्याने भरलेली प्रत्येक कालवड ठेकेदाराच्या खात्यात जमा.

लबाडी उघडी पडली ती माजाच्या पाहणीतून. माज खरंच जुळला असेल तर गाभण न राहिलेल्या कालवडी 18 ते 24 दिवसांत घोळक्यानेच उलटतात, म्हणजे पुन्हा माजावर येतात. इथे वळू चौथ्या दिवशी एकीच्या मागे, नवव्या दिवशी दोघींच्या, तेराव्या दिवशी आणखी तिघींच्या. नवव्या दिवशी जी उभा माज दाखवते, म्हणजे अंगावर चढू देऊन स्थिर उभी राहते, ती रेतनाच्या वेळी चक्राच्या मध्यावर होती, म्हणजे तिचं पीतपिंड विरघळलंच नव्हतं. पीजी गेली नाही, कमी गेली किंवा चरबीत गेली. हा हिशेब कुणीही ठेवू शकतो: शेपटीच्या बुडाशी खडूचा जाड पट्टा ओढायचा, सकाळ-संध्याकाळ बघायचा, पट्टा पुसलेला दिसला की बिल्ला क्रमांक आणि तारीख वहीत.

एकविसाव्या दिवशी सोनोग्राफीचं यंत्र घेऊन माणूस आला आणि चौतीस गाभण म्हणून उरलेले पैसे घेऊन गेला. साध्या सोनोग्राफीत गर्भ भरवशाने दिसायला 28 ते 30 दिवस लागतात, रक्ताच्या तपासणीलाही तेवढेच. हाताने चाचपायचं तर 35 ते 45 दिवस, तेही हात बसलेला असेल तर. बाकीची रक्कम तिसाव्या दिवसानंतरच्या तपासणीवर, आणि ती तपासणी ठेकेदाराच्या माणसाकडून नाही, ही अट कागदावर हवी होती.

साठाव्या दिवशी दुसऱ्या पशुवैद्यकाने तपासलं तेव्हा बऱ्याच कालवडींतले गर्भ ठळकपणे लहान निघाले, ते वळूचेच. पण 60 दिवसांचा गर्भ आणि 57 दिवसांचा गर्भ यात यंत्र फरक सांगू शकत नाही, आणि त्यातच ठेकेदाराची बाजू लपून राहिली. गर्भकाळ 283 दिवसांच्या आसपास धरला तरी दोन्हीकडे दहाएक दिवस सरकतो, त्यामुळे विण्याच्या तारखांनीही हा तीन दिवसांचा गुंता सुटत नाही. त्याला वासराच्या केसांचा मुळासकट नमुना घेऊन डीएनए तपासणीच लागते.

रिकाम्या निघालेल्यांसाठी तो फुकटची दुसरी फेरी करायला तयार होता, म्हणाला सगळ्यांनाच पुन्हा टोचून घेऊ, वेगळ्या कशाला काढता. ही फेरी झाली असती तर गाभण राहिलेल्याही गाभडल्या असत्या, कारण पीजी गाभण कालवडीचं पीतपिंडही तितक्याच सहज विरघळवते. प्रत्येकीची खात्रीची तपासणी झाल्याशिवाय पीजीची बाटली खोड्याजवळ येऊ द्यायची नाही.

शेवटची गोष्ट रिकाम्या कांड्यांची. कांडीवर वळूचा क्रमांक आणि वीर्य गोळा केल्याची तारीख छापलेली असते. पहिलटकरणींसाठी ठरवून हलक्या वासराचा, सुलभ विण्याचा वळू निवडला होता. कचऱ्याच्या डब्यातल्या कांड्या जुळवल्या तर बारा कांड्यांवर दुसराच क्रमांक. कोणती कांडी कोणत्या बिल्ल्याला गेली याची नोंद नव्हती, म्हणून आता विण्याच्या दिवसांत त्या बारांऐवजी गाभण असलेल्या सगळ्या कालवडींवर रात्रीचा पहारा आहे, आणि वासराच्या पायांना बांधायचे दोर उकळून तयार ठेवले आहेत.